मिटलेले ओठ

पक्षाघात झाल्यापासून माझे वडील, आप्पा, खाटेवरच असतात. काल डॉक्टर त्यांना तपासून म्हणाले, "श्वास नीट आहे, पचन नीट आहे. काळजीचं काही नाही." मला वैतागच आला. मी शाळेत विज्ञान शिकवते. श्वसन, पोषण, उत्सर्जन अशी सजीवांची लक्षणं दरवर्षी फळ्यावर लिहिते. त्या हिशोबाने आप्पा अगदी व्यवस्थित जिवंत आहेत. पण आमटीत मीठ कमी पडलं तर घर डोक्यावर घेणारा हा माणूस आता भरवलेलं सगळं मुकाट गिळतो आणि छताकडे बघत राहतो. याला जगणं म्हणायचं, तर मग घरात मला इतकं एकटं का वाटतं?

संध्याकाळी खिचडी भरवताना माझा संयम सुटला. "आप्पा, काहीतरी बोला ना! निदान रागवा तरी!"

त्यांनी ओठ घट्ट मिटले. मी चमचा पुढे केला, तर डाव्या हाताने तो ढकलून दिला. नुकतीच बदललेली चादर खिचडीने माखली.

"नको तर नको!" मी ओरडले. "राहा उपाशी!"

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मीही नजर हटवली नाही. चादर ओढून काढताना लक्षात आलं, कितीतरी महिन्यांनी आम्ही दोघं भांडत होतो.