यानावरची शिंपीण

आमच्या आत्याने आयुष्यभर शाळेचे गणवेश शिवले आणि आयुष्यभर विज्ञानकथा वाचल्या, दोन्ही एकाच जागी बसून. मशीनशेजारी पुस्तक उघडं, पानावर कात्रीचं वजन, आणि बाही जोडता जोडता एक डोळा तिकडे. गोष्टीत काही खटकलं की ती मासिकाला पत्र धाडायची. ‘आपले वीर अकरा वर्षं यानात होते. तेवढ्या काळात कुणाचं एक बटणही तुटलं नाही?’ अशी तिची चार पत्रं छापून आली. बाबांना, म्हणजे तिच्या भावाला, हे सगळं पोरकट वाटायचं. मला बाबांचाच राग यायचा.

विज्ञानकथाप्रेमींच्या मंडळात तिला मीच नेलं, आणि तिथेच घोळ झाला. वार्षिक मेळाव्यात पोशाखांची स्पर्धा असते, त्यासाठी मंडळी कथांमधले यंत्रमानव, परग्रहवासी होऊन येतात. पोशाख बहुतेक गोंदाने चिकटवलेले, त्यामुळे मंचावर जायच्या आधीच उकलतात. पहिल्याच वर्षी आत्याने एकाची पाठ शिवून दिली आणि त्या दिवसापासून ती मंडळाची हक्काची सुई झाली. सहा वर्षं ती मागच्या खोलीत टाके घालत राहिली. एकही स्पर्धा तिला धड बघायला मिळाली नाही, आणि चर्चेत तिचं मत कुणी विचारलं नाही. माझं ऐकून सगळेच तिला आत्या म्हणायचे, पण पुढे ‘जरा इथे उसवलंय’ एवढंच.

सातव्या वर्षी तिने स्पर्धेचा अर्ज मागितला.

पोशाख चंदेरी होता, गाडीच्या कव्हरच्या कापडाचा. डोक्यावर जुनं, पुढे काच असलेलं हेल्मेट. मनगटावर टाचण्यांसाठी लोहचुंबक, कारण यानात टाचण्या तरंगल्या तर कुणाच्या तरी डोळ्यात जातील. कात्री कमरेला दोरीने बांधलेली. एवढा विचार केलेला दुसरा पोशाख त्या हॉलमध्ये नव्हता, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. अर्जावर ‘पात्र’ या शब्दापुढे तिने लिहिलं, ‘यानावरची शिंपीण’. ‘कोणत्या कथेतील’ याच्यापुढे लिहिलं, ‘कुणी लिहिलीच नाही’.

मंडळाचे अध्यक्ष, ज्यांना सगळे कप्तान म्हणत, अर्ज वाचून गोड हसले. पात्र छापील कथेतलंच हवं असा नियम आहे, आणि शिवाय तुमची गरज आत आहे, असं त्यांनी समजावलं. माझा पारा चढला, पण आत्याने मला डोळ्यांनीच गप्प केलं. ती मागच्या खोलीत गेली, खुर्चीवर बसली आणि हाताची घडी घातली. समोर रांग लागली. दोन यंत्रमानव, गुडघ्यात फाटलेला एक सेनापती, आणि स्वतःचं शेपूट हातात धरून उभी असलेली एक परग्रहवासी मुलगी. आत्या ढिम्म हलेना. कप्तान धावत आले.

“आत्या, तुम्हीच अडून बसलात तर कसं व्हायचं?”

“शिवते की,” आत्या म्हणाली. “मंचावर शिवते. इथे आता माझा हात चालत नाही.”

तेवढ्यात बाहेर त्या मुलीचा नंबर पुकारला गेला. तिने सरळ आत्याचा हात धरला आणि दोघी मंचावर गेल्या.

आत्याने हेल्मेटची काच खाली केली आणि सगळ्यांदेखत शेपूट जोडायला घेतलं, अजिबात घाई न करता. शेवटचा टाका पडला. मग कमरेची कात्री विसरून, सवयीने दोरा दातांनी तोडायला तिने काच वर केली. हॉलमध्ये खसखस पिकली. कप्तानांनी संधी साधून माइक उचलला.

“आत्या, अंतराळात काच उघडलीत तर जीव जाईल.”

“बाहेर पडले तर जाईल,” आत्या म्हणाली. “मला तुम्ही बाहेर पडू दिलंत कधी? सहा वर्षं आतच बसून शिवतेय.”

कप्तानांनी माइक खाली ठेवला. मागच्या खोलीच्या दारात उभा असलेला सेनापती पायऱ्या चढून वर आला आणि फाटका गुडघा आत्यापुढे करून उभा राहिला. त्याच्यामागून दोन्ही यंत्रमानव आले. अख्खी रांग मंचावर लागली.

आत्याने सुईत नवा दोरा ओवला. काच मात्र तिने पुन्हा खाली घेतली नाही.