विषय दिला की माणूस येतो

आधीच सांगते, मी अशा गोष्टी मानणाऱ्यातली नाही. आमच्या परदेशीपुऱ्यात कोणी उतरवून टाकलेलं लिंबू रस्त्यात दिसलं की मी मुद्दाम त्याच्यावरून चालत जाते, आणि आई मागून ओरडते. या ग्रुपवर लोक लिहितात ते अनुभव मी नेहमी वाचते, पण वाचताना मनात म्हणते – योगायोग असेल, नाहीतर तापात काहीतरी दिसलं असेल. आता स्वतःच लिहायला बसलेय... भीतीने नाही हं, आनंदाने. अजूनही आठवलं की मला एका जागी बसवत नाही. लिहिण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्या. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, आणि आमच्या इंदूरच्या मराठीत हिंदी कधी शिरते ते आम्हालाही कळत नाही.

माझे आजोबा मिलच्या नोकरीसाठी इथे आले. बाबा पोलोग्राउंडला एका वर्कशॉपमध्ये लेथवर आहेत. मी बी.लिब. करते, म्हणजे लायब्ररीचं शिक्षण. त्यात काही महिने एखाद्या वाचनालयात काम करावं लागतं. मला राजेंद्र नगरमधलं एक छोटं मराठी वाचनालय मिळालं. पुढे वर्तमानपत्रांचं टेबल, मागे कपाटं, आणि दोन कपाटांच्या मधे एक कॉम्प्युटर. तीच माझी जागा. तिथल्या ग्रंथपाल दिघे मॅडम. रिटायरमेंटला आलेल्या, आवाज बारीक, पण बोलणं असं की चिमटा नंतर लागतो.

कोणत्या तरी जुन्या दरबारी घराण्यातून पुस्तकांची खोकी वाचनालयाला दान मिळाली होती. त्यांचं कॅटलॉगिंग माझ्याकडे आलं. सोप्या शब्दांत सांगायचं तर पुस्तक चाळायचं, ते नक्की कशाबद्दल आहे ते ठरवायचं आणि एक-दोन नेमक्या शब्दांत कॉम्प्युटरवर टाकायचं. त्याला विषयशीर्षक म्हणतात. पुस्तकाचं नाव माहीत नसलेल्या माणसालाही त्या शब्दांवरून पुस्तक सापडायला हवं.

सुरुवातीला मी घाबरत होते, म्हणून मोठे मोठे विषय द्यायचे. कला. शेती. प्राणी. मोठा शब्द दिला की चूक कशी होणार, असं वाटायचं. मॅडमनी माझं काम बघितलं आणि चष्मा कपाळावर नेला.

"अश्विनीबाई, हे 'प्राणी' काय आहे?"

"मॅडम, हत्तीच्या आजारांवरचं पुस्तक आहे. जुनं. म्हटलं प्राण्यांतच येईल..."

"मग मुंगीबद्दल विचारायला कोणी आलं, तर त्याच्या हातात हेच देणार का?"

मी 'प्राणी' खोडलं.

"पुस्तक जेवढं आहे तेवढंच लिही. विषय देताना समोर माणूस उभा आहे असं समज. अजून आलेला नाही, पण उभा आहे."

सगळं पुन्हा करायला बसले. पहिलंच पुस्तक मी 'कला' मध्ये टाकलेलं होतं. नीट वाचलं तर ते झाडांच्या साली आणि फुलांपासून कापड रंगवण्याबद्दल होतं. मी लिहिलं – कापड रंगवणे – वनस्पतींचे रंग. त्याच दुपारी एक डिझाइन शिकणारी मुलगी आली. "दीदी, नॅचरल डाय पे कुछ मिलेगा? मराठी भी चलेगी, मम्मी पढ़ देगी।" मला हसूच आलं. म्हटलं, वा, नशीबवान आहे ही.

दुसऱ्या दिवशी 'यंत्रे' खोडून घड्याळ दुरुस्ती लिहिलं. संध्याकाळी बंद व्हायच्या आत एक काका हजर. सासऱ्यांचं भिंतीवरचं घड्याळ चालेना, कारागीर मिळेना. "भिया, कोई पुरानी किताब-विताब हो तो देख लेते." वर मलाच भिया, म्हणजे भाऊ, म्हणाले! पुस्तक हातात दिलं तर ते तिथेच उभ्याने वाचायला लागले.

मग माझं डोकं फिरलं. रोज सकाळी विषय द्यायचा आणि दिवसभर दाराकडे बघत बसायचं. आणि येत होते हो! प्रत्येक वेळी नाही म्हणणार, पण विषय नेमका जमला असं ज्या दिवशी मला आतून वाटायचं, त्या दिवशी येतच होते. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "पूर्वीही येत असतील गं. आपल्याला सापडत नव्हतं म्हणून परत जात असतील."

हे पटण्यासारखं होतं. म्हणूनच मी हत्तीचं पुस्तक घेतलं. म्हटलं, आता बघूच. हत्ती – आजार व उपचार, असं टाइप केलं आणि मॅडमना म्हणाले, "आज कोण येतंय ते बघू. इंदुरात हत्ती कोणाकडे आहे?"

"तू काम कर," मॅडम म्हणाल्या.

जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. बाहेर मुलांचा गलका झाला. मग दारात भगवे कपडे घातलेला एक माणूस आला, घामाने भिजलेला. "बहनजी, पानी मिलेगा? और इधर जानवर का डॉक्टर कहाँ बैठता है? हथिनी का पाँव पक गया है।"

मी त्याच्या खांद्यावरून बाहेर बघितलं. कडुलिंबाखाली खरोखरची हत्तीण उभी होती! एक पाय जरासा वर धरून. ओंकारेश्वरहून उज्जैनला निघाले होते ते.

मी वळून मॅडमकडे बघितलं तर त्या आधीच उठून जनावरांच्या दवाखान्याला फोन लावत होत्या. मी पुस्तक घेऊन बाहेर पळाले आणि मराठीतलं वाचून त्याला हिंदीत सांगायला लागले. पाय कोमट पाण्याने धुवा, नखांच्या मधे खडा अडकलाय का बघा... त्याने बघितलं. खडा नव्हता, काचेचा तुकडा होता. डॉक्टर आले, त्यांनी तो काढला, औषध लावलं. हत्तीण निघाली तेव्हा अख्ख्या कॉलनीतली मुलं मागे आणि त्यांच्यात मीही! परत आले ती धापा टाकतच.

"मॅडम, आता बोला!"

"हत्ती या रस्त्याने जातातच गं," त्या म्हणाल्या. पण चहा त्यांनी स्वतः केला माझ्यासाठी.

आता दादाबद्दल सांगायला हवं.

माझा मोठा भाऊ इलेक्ट्रिशियन आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने दुसऱ्या समाजातल्या मुलीशी, पूजाशी, लग्न केलं आणि घर सोडलं. इंदूरजवळच्या सिमरोलला राहतो आणि तिकडच्या कॉलेज कॅम्पसमध्ये काम करतो एवढंच कळलं होतं. बाबा काहीच बोलले नाहीत. कडक झाली ती आई. तिने त्याचा नंबर माझ्या फोनवरूनही काढायला लावला आणि म्हणाली, "त्याच्या दारात गेलीस तर माझं मेलेलं तोंड बघशील." सिमरोलला बस जाते, पण मी कशी जाणार? राखीचा धागा दोन्ही वर्षं मी घेऊन ठेवला, आणि तसाच राहिला.

हत्तीण गेली त्या रात्री माझ्या मनात आलं – मी त्याच्या दारात जायचं नाही. पण तो माझ्या दारात आला तर?

दादाला लहानपणापासून ॲम्प्लिफायरचा नाद. गणपतीत अख्ख्या गल्लीचे स्पीकर तोच जोडायचा. मी खोकी उपसली. ॲम्प्लिफायरवर पुस्तक नव्हतं. घरातल्या वीजजोडणीवरचं एक जाडजूड पुस्तक होतं, त्यात शेवटी दोन पानं लाउडस्पीकरवर. मी विषय दिला – ध्वनिवर्धक – बांधणी. टाइप करतानाच आत काहीतरी चुकल्यासारखं झालं, पण दिला.

त्या दिवशी कोणीच आलं नाही. म्हणजे कोणीच नाही... वर्तमानपत्र वाचायला रोज येणारे आजोबासुद्धा नाहीत. पंखा तेवढा फिरत होता.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी ते पकडलं. "हे पुस्तक ध्वनिवर्धकाचं आहे?"

"दोन पानं आहेत, मॅडम."

"दोन पानांसाठी आलेला माणूस बाकीचं एवढं ओझं कशाला उचलेल?" मग माझा चेहरा बघून त्यांनी खुर्ची ओढली. "काय झालं?"

मी सगळं सांगून टाकलं. दादा, आईची शपथ, सगळं. मला वाटलं हसतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काढ ते. विषय पुस्तकाचा द्यायचा असतो, आपल्या मनातला नाही."

मी काढलं. पण मग पुढे कितीतरी दिवस खरे, नेमके विषय देऊनही कोणी येईना. मला वाटलं, आपणच बिघडवलं. रडू यायचं. तरी काम तर करायचंच होतं.

अशाच एका दुपारी कव्हर नसलेलं एक पुस्तक हातात आलं. आधी कोणीतरी त्याच्यावर पेन्सिलीने 'स्त्रिया' एवढंच लिहिलं होतं. मी नीट वाचलं. बाळंतिणीला काय खायला द्यायचं, शेक कसा द्यायचा, बाळाला न्हाऊ कसं घालायचं, असं सगळं घरगुती. मी लिहिलं – बाळंतपण – घरगुती काळजी. दुसरं शीर्षक – नवजात बाळ. दादा तेव्हा मनातही नव्हता, अगदी खरं सांगते. मला वाटलं, आली तर एखादी आजी येईल.

एंटर दाबून पुस्तक घेऊन उठले, अजून कपाटामागेच होते. काउंटरवर मॅडमशी कोणीतरी बोलत होतं.

"मॅडमजी, मराठीत कोई किताब है क्या... म्हणजे डिलिव्हरीनंतर घरात काय-काय करतात, आपल्याकडे? यूट्यूबवर हर कोई अलग बोलता है."

हा आवाज मी झोपेतही ओळखेन.

"दादा!"

तो वळला. आधीपेक्षा वाळलेला, दाढी वाढलेली. "आशू? तू इथे काय करतेस?"

"तू काय करतोस ते सांग आधी!"

पूजाला डॉक्टरला दाखवायला आणलं होतं. ती नंबर लावून बसली होती, हा पाय मोकळे करायला निघाला. तिच्या घरी सांगणारं कोणी नाही, तिची आई लहानपणीच गेलेली. "ती मला विचारते, तुमच्यात कसं करतात. मला काय माहीत? तू झालीस तेव्हा मी लहान होतो. फक्त एक वास आठवतो घरातला. कशाचा ते कळत नाही."

मॅडमनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि उगाच गंभीर आवाजात म्हणाल्या, "मेंबर नसेल तर पुस्तक घरी मिळत नाही."

"मी फोटो काढतो ना पानांचे."

"नाही. तेही नाही," म्हणाल्या आणि माझ्या मोबाइलकडे बघितलं.

मला कळलं – हे आईलाच विचारायचं. मी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"काय गं, आज पुन्हा डबा विसरलीस?" आई.

"आई... बाळंतिणीच्या खोलीत धुरी कशाची देतात?"

"ओव्याची, बाळंतशेपाची. तुला कशाला? परीक्षेत आलं का?"

दादा फोनकडे बघत होता. मी त्याला कोपराने ढोसलं.

"आई," तो म्हणाला.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग गॅस बंद केल्याचा आवाज. मग काहीच नाही. मला वाटलं, ठेवला फोन. मी डोळे मिटून घेतले.

"कितवा महिना?" आईने विचारलं.

"आठवा लागलाय."

"आणि तिला एवढ्या उन्हात घेऊन फिरतोस? गाढव कुठला!" मग तिचा आवाज फुटला, पण थांबली नाही. "तिथेच थांब. तिला घेऊन घरी ये... नको, आपले जिने चढायला नकोत तिला. मीच येते. पत्ता सांग. आशू, पत्ता लिहून घे!"

दादा काउंटरवर डोकं टेकवून रडत होता. मी त्याच्या पाठीवर धपाटे घालत होते आणि नाचत होते. मॅडमनी चष्मा पुसला आणि मग पुन्हा पुसला.

आई आता सिमरोललाच आहे. मुलगी झाली, दोघी छान आहेत. बाबा आणि मी खिचडी करतो, ती रोज खाली लागते, आणि बाबा खरवडून हसत खातात.

मॅडम अजूनही योगायोगच म्हणतात. असेलही. त्यांनी आयुष्यभर हे काम केलंय, मी काल आले. मीही स्वतःला तसंच समजावते. पण परवा दादाला विचारलं की तू नेमका त्याच दिवशी आत कसा आलास. तो म्हणाला, त्या रस्त्याने तो तपासणीला महिनोन् महिने येत होता, वाचनालयाची पाटी त्याने कधी बघितलीही नव्हती. त्या दिवशी दारासमोरून जाताना त्याला वाटलं, आतून कोणीतरी विचारलं – "काय हवंय?" मराठीत, अगदी जवळून. म्हणून तो वळला.

मॅडम म्हणाल्या, त्या बोलल्या नव्हत्या. तेव्हा वाचनालयात आमच्या दोघींशिवाय कोणी नव्हतं. आणि मीही विचारलं नव्हतं. मी कपाटामागे दोन ओळी टाइप करून फक्त एंटर दाबलं होतं. त्याला कोणी विचारलं, मला खरंच माहीत नाही... तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर सांगा.