आखाजी आणि सातवीचा शेवटचा पेपर

मी शिकवते त्या शाळेत वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता लावायचा नियम आहे. सातवीच्या मुलाला वर्षाअखेर काय काय यायला हवं, ते त्यात विषयवार लिहिलेलं असतं. गणितात अपूर्णांक, विज्ञानात आम्ल आणि आम्लारी, सामाजिक विज्ञानात नकाशा वाचणं. मीच तो चिकटवते आणि दरवर्षी चिकटवताना वैतागते. अहो, सुरतेतल्या आमच्या लिंबायतच्या पोरांना काय काय येतं ते एकदा बघून तर जा! घरात अहिराणी, शाळेत मराठी, दुकानावर गुजराती, रिक्षात हिंदी. एवढं तर ती शाळेत पाय ठेवायच्या आधीच शिकून येतात.

मीही त्यांच्यातलीच. वडील लूमच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात होते. माय घरी साड्यांवर टिकल्या चिकटवायची. थोरल्या ताईने पाचवीतच शाळा सोडली, कारण त्या कामाला आणखी दोन हात हवे होते. ताई माझ्यापेक्षा हुशार होती, हे मी आज मोठेपणा म्हणून सांगत नाही. टिकल्या चिकटवता चिकटवता ती माझे पाढे ऐकायची, आणि मी अडले की मान वर न करता पुढचा आकडा सांगायची. मला असा राग यायचा!

मी सातवीत असताना ताईचं लग्न झालं, खान्देशात, आमच्या गावाजवळच दिलं तिला. लग्नानंतरची तिची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आम्हा खान्देशी माणसांना आखाजीपुढे दिवाळी काहीच नाही. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, घरोघरी सांजोऱ्या तळतात. त्यात पहिली आखाजी म्हणजे दारात माय उभी असायलाच हवी. सुरतेतली आमची अख्खी गल्ली त्या दिवसांत कुलपं लावून गावाला जायची.

आणि त्या वर्षी आखाजी नेमकी लवकर आली. माझा सामाजिक विज्ञानाचा शेवटचा पेपर आखाजीच्याच दिवशी!

आमची शाळा सातवीपर्यंतच होती. पुढे हायस्कूलला नाव घालायचं तर सातवीचा निकाल हातात हवा. पेपर बुडाला की निकाल नाही, निकाल नाही की आठवी नाही. आठवी नाही तर काय, ते मला घरातच दिसत होतं. टिकल्यांचा डबा आणि ताईची रिकामी जागा.

माय शाळेत गेली. आमच्या मराठी शाळेतही बाईंना सगळे बेनच म्हणायचे. माय म्हणाली, "बेन, हिचा पेपर तेवढा आधी घेऊन टाका ना." साड्यांचं काम अडचणीला आधी करून देता येतं, तसाच पेपरही देता येत असेल असं तिला वाटलं. बेन विदर्भातल्या. त्यांनी विचारलं, "आखाजी म्हणजे काय हो? इतकं काय त्यात?" माय पदर सावरून वळली. मग म्हणाली, "जाऊ द्या बेन."

घरी वडिलांनी एका वाक्यात निकाल लावला. "पोरीला सातवी काय नि आठवी काय! पिशव्या भरा." मी भिंतीकडे तोंड करून रडत बसले. मायने पिशव्या भरल्या. वडिलांचे कपडे, धाकट्या भावाचे कपडे, ताईसाठी घेतलेली साडी. स्वतःचं काहीच भरलं नाही. वडिलांनी विचारलं तेव्हा ती मला म्हणाली, "तू पेपर दे. मी शे आठे." मी आहे इथे. वडील खूप बोलले. तिने एक शब्द उलट काढला नाही, पण हललीही नाही.

वडील धाकट्याला घेऊन गावाला गेले, मग त्या सुन्या गल्लीत आम्ही दोघीच. मी मोठ्याने धडे वाचायचे, माय टिकल्या लावायची. पंचायतीचं काम काय, न्यायालयाचं काम काय, सगळं ती ऐकायची. मध्येच म्हणायची, "आता तिकडे झोका बांधला असेल." मला वाटायचं, धरणी पोटात घेईल तर बरं.

पेपर देऊन मी बाहेर आले तर माय पिशवी घेऊन फाटकापाशीच उभी. तशाच उधना स्टेशनवरून भुसावळकडच्या गाडीत बसलो. रस्ताभर ती एवढंच म्हणत होती, "निघून गेली असेल माझी पोर."

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात पोहोचलो. ताई गेली नव्हती. सासरहून न्यायला दीर आला होता, आणि माय आल्याशिवाय मी पाऊल उचलणार नाही, असं तिने त्याला बजावलं होतं. आमची ताई, जिने कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं! दारातल्या निंबाच्या झोक्यावर बसली होती, नवी साडी नेसून, तोंड फुगवून. मायला तिने नुसतं मानेनेच आत जायला खुणावलं. तिची नजर माझ्यावर.

"कसा गेला पेपर?"

"बरा," मी हळूच म्हटलं.

"बरा?" ती झोक्यावरून उतरून समोर आली. "माझी अख्खी आखाजी खाल्लीस, आणि नुसता बरा?"

"नाही गं ताई. चांगला गेला. खूप चांगला गेला."

"मग सांग ना नीट," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांग. काय काय विचारलं होतं?"

मी पहिला प्रश्न सांगायला लागले, आणि तेवढ्यात तिने मला मिठी मारून असा काही हंबरडा फोडला, की मायला धावत यावं लागलं.