खांद्याएवढा कट्टा

वहिनी गेल्या त्याला आता सव्वा महिना झाला. पुतण्याचा, बाळूचा, फोन आला तेव्हा मी अहमदपूरच्या माझ्या घरी दाढी करत होतो. "काका, आई गेली," एवढंच तो आधी म्हणाला. मग त्यानं सांगितलं, त्रास काही झाला नाही, सकाळचा चहा घेतला, स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसली आणि तिथंच मान टाकली. मुखेडच्या एसटीत बसल्यावर माझ्या मनात सारखं एकच येत होतं. नांदेडच्या डॉक्टरांनी या बाईला दोन वर्षं दिली होती, आणि त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. मधली वर्षं त्यांना शेतातल्या त्या घरानं दिली असं लोक म्हणतात, आणि घराचा नकाशा मी काढला म्हणून थोडं श्रेय मलाही देतात. ते श्रेय माझं नाही. खरं काय झालं ते सांगणारा आता मी एकटाच उरलो आहे, म्हणून लिहितो.

आमचे आईवडील लवकर गेले. माझ्याहून बारा वर्षांनी मोठे असलेल्या दादांनी शेती सांभाळली आणि मला शाळेत धाडलं. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या, मी अकराचा. आमच्या घरात चौथीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. मी उर्दूतून मॅट्रिक झालो आणि पुढे हैदराबादला कॉलेजात गेलो, ते या दोघांच्या जिवावर. सुट्टीला आलो की वहिनी मला चुलीपुढे बसवून गरम भाकरी वाढायच्या आणि चिडवायच्या, "भावजी, लई शिकून राहिले म्हणं तुम्ही. पण भाकरी अजून दोन्ही हातानं तोडता." मी हसायचो. त्याही हसायच्या, आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ यायची. ती थांबायची नाही.

निजामाच्या राज्याची ती अखेरची वर्षं. गावातली सगळी घरं एकमेकांना चिकटून, वर मातीचं माळवद, भिंती दोन-दोन हात जाड आणि बाहेरच्या बाजूला एक खिडकी नाही. स्वयंपाकघरात उजेड यायला आणि धूर जायला माळवदाला ठेवलेलं एक वीतभर भोक, बस्स. दुपारीसुद्धा आत दिवा लागायचा. बाळू दोन वर्षांचा झाला त्या उन्हाळ्यात वहिनींना चार पावलं चालली तरी धाप लागू लागली. दादा त्यांना नांदेडला घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, छाती धुरानं भरली आहे, बाईला या कोंडवाड्यातून बाहेर काढा, मोकळ्या हवेत ठेवा, नाहीतर दोन वर्षं. परत आल्यावर दादांनी मला शेताच्या बांधावर नेलं आणि म्हणाले, "हितं घर बांधू. गावाच्या बाहेर. नकाशा तू काढ. एवढं शिकून राहिलास, ते कवा कामाला येणार?"

माझ्या आयुष्यात मला मिळालेलं ते पहिलं मोठं काम. त्यांचे उपकार फेडायची संधी आली असं मला वाटलं. हैदराबादला आमच्या प्राचार्यांचा नव्या पद्धतीचा बंगला होता. रस्त्याकडे पाठ, पुढे व्हरांडा, बागेकडे उघडणाऱ्या मोठ्या खिडक्या, स्वयंपाकघराला धुराडं. मी तो आठवून आठवून कागदावर उतरवला. पूर्वेला लांबवर शेत आणि ओढ्याकाठची झाडं दिसतील अशी वहिनींची खोली केली. पायवाट मागे टाकली, म्हणजे त्यांना शांतता मिळेल. गावात चेष्टा झाली. "शेतात राहायला काय कोल्हे हाव का आपण?" असं एका म्हाताऱ्यानं दादांना तोंडावर विचारलं. दादा म्हणाले, "कोल्ह्याला खोकला झालेला बघितला का कवा?"

काम धरलं हुसेनचाचांनी. तालुक्यातले जुने गवंडी, दाढी चुन्यानं कायम पांढरी. बैल जुंपून दगडी चाकाच्या घाणीत चुना मळला, काळा दगड घडवला, कौलं धर्माबादच्या स्टेशनावरून गाड्यांनी आणली. मी कॉलेज उघडलं म्हणून हैदराबादला गेलो आणि दिवाळीत आलो तर भिंती उभ्या होत्या, खिडक्याही होत्या, पण डोक्याच्या वर! टाचा उंचावूनही बाहेरचं दिसेना. मी चिडलो. चाचा शांतपणे म्हणाले, "बाबू, घर में औरतां रहते. नीचे खिडकी रखा तो आता-जाता आदमी अंदर नही देखता क्या?" त्यांच्या चाळीस वर्षांच्या कामात खिडकी ही धूर जाण्यासाठी होती, बाहेर बघण्यासाठी नव्हती. मी कागद नाचवत राहिलो. दादांनी मात्र गावातून वहिनींची बाज आणली, खोलीत टाकली आणि म्हणाले, "चाचा, जरा आडवे होता का?" चाचा आडवे झाले. डोळ्यांसमोर नुसता दगड. हसत उठले आणि दादांना म्हणाले, "अरे अण्णा, ये तो कबर में पडे सरीका लगता!" दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतः छिन्नी घेऊन प्रत्येक खिडकी बाजेच्या उंचीला उतरवली.

संक्रांतीनंतर वहिनी राहायला गेल्या. महिनाभरात धाप कमी झाल्याचं दादांनी पत्रात कळवलं आणि मी वसतिगृहातल्या मित्रांना ते पत्र अभिमानानं वाचून दाखवलं. पण परीक्षा देऊन उन्हाळ्यात घरी आलो तर वहिनी घरात नव्हत्या. दादा खाली मान घालून म्हणाले, "गावात गेली आसंल. रोजच जाती." मी धावत गेलो. जुन्या घराच्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात शेजारची बाई चूल पेटवून बसली होती आणि धुरात, भिंतीला टेकून, वहिनी तिच्याशी बोलत होत्या. मला बघून उठल्या आणि उठताच खोकल्या, तोच जुना खोकला. वाटेत मी त्यांना जे बोलायचं ते बोललो. डॉक्टर, हवा, दादांचे कष्ट... सगळं. पुस्तकात वाचलेलंही बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. बांधावर पोचल्यावर कडेवरच्या बाळूला खाली ठेवलं आणि म्हणाल्या,

"भावजी, तुमच्या खिडकीतून मला काय दिसतं, सांगा बरं."

"शेत दिसतं. झाडं. आभाळ."

"शेत तर मी जन्मल्यापून बघून राहिले. माणूस कुठाय त्यात?"

मी वळून शेताकडं पाहिलं.

"दिवसभर बोलायला हे तीन वर्षांचं लेकरू. तुमचे दादा तर बैलाशीच जास्त बोलतात. हवा लई चांगली हाय, न्हाई म्हणत न्हाई. पण नुसती हवा खाऊन मी काय करू? मरायचंच आसंल तर चार बायांत बसून मरते."

बाजेवर आडवं होऊन काय दिसतं हे आम्ही गवंड्याला विचारलं होतं. जिच्यासाठी घर बांधलं तिला, तुला काय बघायचं आहे, हे आम्हा तिघांपैकी कोणीही विचारलं नव्हतं. त्या दिवशी प्रथम विचारलं. वहिनी स्वयंपाकघरात गेल्या, चुलीतला कोळसा घेतला आणि पायवाटेकडच्या कोऱ्या भिंतीवर एक चौकोन काढला. "हितं खिडकी. आन् भाईर एक कट्टा. खांद्याएवढा उंच."

"बसायला एवढा उंच कशाला?"

"बसायला न्हाई. या वाटंनं बाया सरपण, कडबा डोईवर घेऊन येतात. भारा घेतलेली बाई थांबत न्हाई, भावजी. खाली टाकला तर परत उचलून द्यायला कोण? खांद्याएवढा कट्टा आसला की उभ्या उभ्या भारा टेकवायचा आन् उभ्या उभ्याच परत घ्यायचा. मग थांबंल."

बी.ए.ला मी पुष्कळ पुस्तकं वाचली. घराबद्दल याहून शहाणं काही वाचलं नाही. हुसेनचाचा परत आले, कट्ट्याची उंची ऐकून म्हणाले, "इसपे कौन बैठेगा, ऊंट?" आणि चार दिवसांत बांधून गेले. पहिल्या दिवशी कोणी थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी एक जण टेकली. आठवडाभरात दुपारच्या वेळी तिथं भाऱ्यांची रांग लागायची. वहिनी धुराड्याखाली भाकरी थापत आतून बोलायच्या, खिडकीतून पाण्याचा तांब्या द्यायच्या. गावातल्या धुरात त्या पुन्हा गेल्या नाहीत. जायची गरजच उरली नाही. पुढे निजामाचं राज्य मोडण्याआधीचे ते जाळपोळीचे, भीतीचे महिने आले. उघड्यावरचं घर म्हणून दादांनी खिडक्या दगडांनी बुजवायला घेतल्या. वहिनी म्हणाल्या, "बाकी सगळ्या बुजवा. ही न्हाई. काही झालं तर पहिलं हितंच कळंल." खरंच, त्या दिवसांत कुठल्या वाटेनं जाऊ नये हे आमच्या घराला सगळ्यात आधी कळायचं.

दादा गेल्यावर मी त्यांना अहमदपूरला चला म्हणालो होतो. आल्या, चार दिवस राहिल्या. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "तुमच्याकडं शेजारी हायत, पण दारं लावून बसतात. मी जाते."

तेराव्यानंतर मी तिथंच आठ दिवस राहिलो. आता सरपण कोणी डोक्यावर नेत नाही, कडबा ट्रॅक्टरनं जातो. बाळू म्हणतो, कट्टा काढून तिथं मोटारसायकल लावायला जागा करू. घर त्याचं आहे. एका दुपारी मी एकटाच स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो होतो. बाहेर पावलं वाजली आणि एक म्हातारी कट्ट्याशी येऊन थांबली. डोक्यावर काही नव्हतं. तरी दोन्ही हात कट्ट्यावर टेकवून ती उभी राहिली.

"कोण हाय आत?"

"मी, धाकटा. बाईंचा दीर."

"हाव का. मास्तर." तिनं खिडकीतून आत पाहिलं. मी तांब्या दिला. ती प्यायली, तोंड पुसलं, तांब्या परत दिला. पण गेली नाही. मला वाटलं, आता काही तरी बोलायला हवं, आणि तीस वर्षं वर्गात बोललेल्या माणसाला काही सुचेना. तिलाच माझी दया आली असावी.

"वहिनी इचारायच्या," ती म्हणाली, "आज काय शिजवलं म्हणून."

"मग... काय शिजवलंत आज?"

तिनं कोपरं कट्ट्यावर नीट टेकवली आणि सांगायला सुरुवात केली.