बिनाआडनावाचं पानी

दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवायची मला जुनी खोड. त्यामुळे माझ्या प्रोग्रामला एका अनोळखी माणसानं नावं ठेवली, तेव्हा चांगलंच झोंबलं.

तो प्रोग्राम मी लिस्प नावाच्या संगणकाच्या भाषेत लिहिला होता, बाबांसाठी. बाबा मंगरूळपीरला सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. लकव्यानं त्यांची वाचा गेली, उजवा हातही गेला. डाव्या हाताची बोटं तेवढी चालत. आमच्या कारंज्याच्या घरी त्यांच्या पलंगाशी लॅपटॉप ठेवला होता. ‘पानी’ टाइप करून एंटर दाबलं, की घरभर आवाज जाई, ‘पानी’. ‘दुखते’, ‘कूस’, सगळ्या आज्ञा अशा घरच्याच बोलीतल्या.

आणखी कोणाच्या कामी यावा म्हणून मी तो सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या प्रोग्रामांच्या संग्रहात पाठवला. तिथल्या तपासनिसानं कळवलं, प्रत्येक आज्ञेच्या आधी पॅकेजचं, म्हणजे आख्ख्या प्रोग्रामचं, नाव आणि एक आडवी रेघ हवी. आतल्या आत चालणाऱ्या फंक्शनला दोन रेघा. नाहीतर एका प्रोग्राममधली नावं दुसऱ्यातल्या नावांशी भिडतात. खरंच होतं ते. शाळेच्या हजेरीत आडनाव आधी येतं, तसंच. बाबांनीही जन्मभर याद्या तशाच टाइप केल्या होत्या.

चिडचिड करत सकाळी सगळं बदललं. पॅकेजचं नाव ‘हाक’, म्हणून ‘पानी’चं झालं ‘हाक-पानी’. मग दार लावून ऑफिसच्या मीटिंगला बसलो. बाबांना सांगायचं राहून गेलं.

दुपारी आई धनज गावाहून परत आली आणि तिनं दार वाजवलं. “काहून दार लावून बसला रे? त्यायचे ओठ पाह्य कसे सुकले.”

स्क्रीनवर ‘अशी आज्ञा नाही’ एवढंच होतं. आईनं त्यांना चमच्याचमच्यानं पाणी पाजलं. मी जुनी नावं परत जोडली. एका ओळीचं काम. नाव बदललं तरी जुनं चालू ठेवावं, हेही त्या संग्रहाच्या नियमांत लिहिलेलं होतं. मी तिथवर वाचलं नव्हतं. बाबा माझ्याकडं रागानं बघतही नव्हते.

बाबांनी दिवसभर काय टाइप केलं, त्याची यंत्रातली नोंद संध्याकाळी उघडली. पानी. पानी. पानि. पाणी. आपलंच शुद्धलेखन चुकून राह्यलं, असं वाटलं होतं त्यांना. मला माझीच लाज वाटली. शेवटची ओळ होती, ‘कृपया पाणी मिळावे’. भिंतीपलीकडं बसलेल्या पोराला माझ्या बापानं अर्ज केला होता.