इंजिनाच्या हेडात लावलेला दिवा

त्या वर्षी मी घट बसवले ते निव्वळ सवयीनं. देवीवर माझा राग होता आणि तो मी लपवलाही नव्हता. फुलं वाहायची, माळ चढवायची, आरती म्हणायची, पण मनातलं एक अक्षर तिच्याशी बोलायचं नाही. माणसांशी धरतात तसा चक्क अबोला धरला होता. गोष्ट साठ सालच्या आसपासची. आम्ही कानडी मुलखात, बसवनगुडीत भाड्याच्या घरात राहत होतो. माझे यजमान सरकारी कारखान्यात इंजिनिअर. उन्हाळ्यात त्यांना विषमज्वर झाला. ताप उतरला, पण माणूस काही उठेना. जेवण नको, बोलणं नको, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "शरीरात आता आजार राहिलेला नाही. यांचं मन उठलं पाहिजे." मन कुठल्या दुकानात मिळतं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

घरामागच्या पत्र्याखाली लष्करानं मोडीत काढलेली एक मोटारसायकल होती. ह्यांनी आजारपणाच्या आधी हौसेनं आणून ठेवलेली, आणि मी येताजाता जिच्या नावानं बोटं मोडायची ती. श्रावणात एके दिवशी हे आपणहून उठले, पाना घेतला आणि तिच्यापुढे जाऊन बसले. मी चुलीपुढे बसून रडले, खोटं कशाला सांगू. त्या दिवसापासून दोन घास जास्त जायला लागले. मग इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं जाड झाकण, काढताना एक गंजलेला बोल्ट तुटून आतच राहिला. असा बोल्ट काढायला उलट्या आट्यांचं एक हत्यार असतं, एक्स्ट्रॅक्टर म्हणतात. बोल्टच्या पोटात भोक पाडून ते आत पिळायचं. ह्यांनी पिळलं, आणि तेही आत तुटलं. बोल्टपेक्षा ते कितीतरी कडक, त्यावर गिरमिटसुद्धा चालेना. एकात एक दोन तुकडे अडकून बसले, आणि हे पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजले. माझा अबोला तिथून सुरू झाला. दिलंस कशाला आणि काढून घेतलंस कशाला, एवढंच मला तिला विचारायचं होतं, पण विचारलं नाही.

खंडेनवमीच्या सकाळी हे ताडकन उठले. "आज छिन्नी घालून फोडूनच काढतो," म्हणाले. हेड तडकलं असतं तर तसलं दुसरं मिळणार नव्हतं, आणि हा माणूस पुन्हा अंथरुणातून उठला नसता. मी म्हटलं, "अहो, आज हत्यारांची पूजा. आज कोणी हत्याराला हात लावतं का?" असं म्हणून पाने, हातोडी, छिन्नी सगळं उचललं आणि घटापुढे मांडलं. हेडही उलटं करून पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि मनात म्हटलं, आता तिचं तीच बघून घेऊ दे. त्यात श्रद्धा कमी आणि चिडच जास्त होती.

दुपारी गल्लीतल्या बायका कुंकवाला आल्या. शेजारच्या सावित्रक्का आपल्या म्हाताऱ्या मावशीला घेऊन आल्या होत्या. मावशी येलहंक्याच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. देवीच्या दिव्यात घालायला त्यांनी घरून तिळाचं तेल आणलं होतं. मी पानसुपारी आणायला आत गेले तेवढ्यात त्यांनी चाचपत पुढे होऊन ते तेल घातलं, पण समईत नाही, हेडात. उलट्या हेडाच्या मध्यावर वाटीसारखा खळगा असतो, त्यांना ती पणतीच वाटली. तबकातली वात तेलात भिजवून त्यांनी समईवर पेटवली आणि काठावर टेकवली. खळगा भरून तेल कडेच्या भोकात उतरलं होतं, तुटक्या बोल्टवर. सावित्रक्का ओशाळून "अय्यो, अय्यो" करू लागल्या. मावशी मात्र समाधानानं हात जोडून उभ्या होत्या. मला त्यांना सांगवलं नाही.

बायका गेल्यावर हे बाहेर आले आणि बघतच राहिले. "हा काय खुळेपणा! विझव आधी ते." मी म्हटलं, "नवरात्रात लागलेला दिवा विझवायचा नसतो. तुम्हाला विझवायचा असेल तर तुम्ही विझवा." ह्यांचा देवावर विश्वास नाही, पण त्यांनीही फुंकर घातली नाही. कपाळाला आठ्या घालून पाटाजवळ बसले. जरा वेळानं मी दारातून पाहिलं, तर हे काडीनं वात हळूच बोल्टच्या बाजूला सरकवत होते. संध्याकाळी तेल संपत आलं तेव्हा माझ्याआधी तेच उठले आणि बुधला घेऊन आले. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं. पान तिथंच वाढलं, आणि ताटातलं सगळं संपलं.

दसऱ्याला पूजा उचलल्यावर ह्यांनी कोमट हेड मांडीवर घेतलं. छिन्नी बाजूला ठेवली आणि लहान हातोडीनं हलकेच ठोकू लागले. बराच वेळ काही झालं नाही. मग हलणारा दात पडावा तसा एक्स्ट्रॅक्टरचा तुकडा निसटून पाटावर पडला. बोल्टला आतून फाकवणारं ते हत्यार गेल्यावर बोल्टही मुकाट्यानं फिरून बाहेर आला. "तेल आणि ऊब," हे म्हणाले. मी "हो" म्हटलं. त्यांचं खरंच होतं, मला वाद घालायचा नव्हता.

गाडी सुरू झाल्यावर पहिली फेरी येलहंक्याला, मावशींच्या गावी काढायची, असं हेच म्हणाले. मी मागे बसले. मागे बसणाऱ्याच्या हातात ना ब्रेक ना दांडा. आधी जीव मुठीत धरून, मग नुसतीच बसून राहिले. तेव्हा लक्षात आलं की इतके दिवस, अबोल्यातसुद्धा, मी देवीकडे मागतच होते आणि कसं द्यायचं तेही मीच तिला शिकवत होते.

मावशी अंगणात आल्या. त्यांचा दिवा कुठे बसवलाय ते मी कानडीत सांगितलं. त्यांनी इंजिनाकडे हात नेला, धग लागली तसा मागे घेतला, आणि ह्यांच्या दिशेला बघत विचारलं, "दीपा इन्नू उरीतिदेया?" दिवा अजून जळतोय का?

तेल आणि ऊब म्हणणारा माझा नवरा पुढे झाला. मग वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि म्हणाला, "हौदु अम्मा, उरीतिदे." हो, जळतोय.

मी तिथंच, अंगणात, देवीला हात जोडले आणि तिच्याशी बोलले.