न कळवता आलेली आत्या

खुर्चीबाईंचा राग तापट माणसाचा नव्हता. भांडं आदळलं, दार आपटलं आणि मोकळ्या झाल्या, असं त्यांच्या बाबतीत कधी घडलं नाही. त्या राग विरजणासारखा झाकून ठेवत, हलवत नसत आणि नीट लागू देत.

हे नाव त्यांना मुलांनी दिलं होतं. पेट्रोल पंपामागच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर सरांचा इंग्रजीचा क्लास होता आणि तिथे बाई व्याकरण शिकवत. ‘नेव्हर’, ‘सेल्डम’ अशा शब्दांनी सुरू होणारी उलटी वाक्यं आली की दरवर्षी निम्मा वर्ग गटांगळ्या खाई. एके वर्षी बाईंनी घरातल्या प्लास्टिकच्या पाच खुर्च्या उचलून आणल्या. एकीचा रंग दुसरीला नाही. त्यांच्यावर एकेका शब्दाच्या नावानं एकेक मूल बसवलं.

“हा साहेब, वाक्याचा कर्ता,” त्या सांगत. “त्याच्यामागे शिपाई. विल, कॅन, शुड, मस्ट, यातला कुणीही. शिपायामागे काम, म्हणजे क्रियापद. रोजचं ऑफिस असं चालतं. आता येते ‘नेव्हर’. ही कोण? न कळवता आलेली आत्या! पहिल्याच खुर्चीवर ठाण मांडते. मग तिच्या पुढ्यात आधी कोण पळतं?”

“शिपाई!”

“साहेब?”

“शिपायाच्या मागून!”

“आणि ही ‘ओपनली’?”

“ती कामाची धाकटी बहीण. कामाचा हात सोडत नाही!”

शिपाई व्हायला बाई नेहमी वर्गातलं सगळ्यात लाजरं मूल निवडत. पळणाऱ्याला लाजायला सवड मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं. नियम एकच होता. आत्या वाक्य बोलेल, सगळ्या वर्गानं ते तीनदा मोठ्यानं म्हणायचं, आणि तोवर अर्थ कुणी विचारायचा नाही. “आधी जिभेला कळू दे, मग डोक्याला.” मुलं घरी जेवतानाही आत्या-शिपाई खेळत.

मग बाईंच्या लेकीला ताप आला. उतरेना. बाई तिच्या उशाशी बसून राहिल्या. कोणती आई उठली असती? पोर हिंडूफिरू लागल्यावर त्या क्लासला गेल्या, तर सरांचा भाचा पाठमोरा फळ्यावर लिहीत उभा.

“तुम्हाला घरचं फार असतं, बाई,” सर दारातच गोड आवाजात म्हणाले. “आता मुलीकडेच बघा, निवांत.”

“आणि माझ्या खुर्च्या?”

“राहू द्या हो. जुन्या तर आहेत.”

बाई तशाच जिना उतरल्या. घरी येऊन त्यांनी भाजी चिरली, ती जरा जास्तच बारीक चिरली गेली.

विरजण लागायला पावसाळा आणि हिवाळा गेला. मग एके संध्याकाळी लेक एक जाहिरातीचा कागद घेऊन आली. “आई, वाचू नकोस हं,” म्हणत तिनं तो पुढे केला. ‘सरांनी स्वतः शोधलेली खुर्ची-पद्धत! पालकांसाठी खुलं प्रात्यक्षिक.’

बाईंनी कागद दोनदा वाचला. नोकरी गेली ते त्यांनी गिळलं होतं. हे गिळणं शक्य नव्हतं. त्या खुर्च्यांवर काय सुचलं होतं, कुणाला सुचलं होतं, हे त्या माणसाच्या तोंडून चारचौघांत वदवून घ्यायचं. बाकी काही नको.

“जाऊन भांडणार आहेस?” लेकीनं विचारलं. “लोक हसतील गं.”

“भांडणार कशाला? शिकायला जाणार आहे. पालकच आहे ना मी?”

“मग मीपण येते.”

रविवारी हॉल गच्च भरला होता. माय-लेकी मागच्या रांगेत बसल्या. भाचा बरा मुलगा होता, उत्साही, घामाघूम. त्यानं बाईंना कधी पाहिलंच नव्हतं. खुर्च्या ओळीनं मांडून त्यानं साहेब, शिपाई, आत्या सगळं सांगितलं, शब्द न् शब्द बाईंचा. “आधी जिभेला कळू दे, मग डोक्याला,” तो म्हणाला, तेव्हा बाईंनी लेकीचा हात इतका घट्ट धरला की ती “आई, बोटं!” म्हणून कळवळली.

“साहेब म्हणून आपले सरच बसतील!” भाच्यानं जाहीर केलं. टाळ्या पडल्या. सर दारातून हसत आले आणि निळ्या खुर्चीवर ऐसपैस बसले. शिपाई, काम आणि धाकटी बहीण म्हणून तीन मुलं आली. “आता आत्या हवी. पालकांपैकी कुणी?”

बाई उठल्या. दोन्ही बाजूंच्या गुडघ्यांना वळसे घालत त्या पुढे आल्या आणि लाल खुर्चीवर बसल्या. सरांचं हसू तोंडावरच वाळलं. पण भरल्या सभेत साहेब उठून पळणार कुठे?

“बोला आत्या, तुमचं वाक्य!”

बाईंनी शांतपणे, एकेक शब्द सुटा करत म्हटलं, “नेव्हर विल सर ओपनली टेल यू हूज चेअर्स दीज आर.”

शिपाई झालेला मुलगा सरांच्या पुढे पळाला. धाकटी बहीण कामाला बिलगली. वाक्य अगदी चोख बसलं. भाचा खूश झाला. “फर्स्ट क्लास! चला, सगळे, तीनदा!”

पहिल्यांदा हॉल नुसता घुमला. दुसऱ्यांदा मागच्या रांगेतून लेकीचा आवाज सगळ्यांच्या वर चढला आणि जुनी मुलं फिसकन हसली. तिसऱ्यांदा अर्थ डोक्यांपर्यंत पोचला. वाक्य संपेपर्यंत निम्मे आवाज गळाले होते आणि सगळ्या माना सरांकडे वळल्या होत्या.

“म्हणजे... खुर्च्या कुणाच्या आहेत, हे सर उघडपणे कधीच सांगणार नाहीत?” एका आजोबांनी अर्थ लावला. “का हो सर? कुणाच्या आहेत?”

“बाईंच्या आहेत,” सर पुटपुटले. “प्लास्टिक जुनं झालं होतं, म्हणून...”

“प्लास्टिकचं कोण विचारतंय?” बाई म्हणाल्या.

“खुर्चीबाईंनी शिकवलंय हे आम्हाला!” एक मुलगी ओरडली. “आत्या, शिपाई, सगळं!”

भाचा गोंधळून वळला. “पण मामा, तुम्ही तर म्हणाला होतात, हे तुम्हाला आंघोळ करताना सुचलं!”

हॉल असा हसला की पंख्याचा आवाज बुडाला. सरांनी रुमाल काढला, कपाळ पुसलं, परत खिशात घालायला विसरले.

“पद्धतपण बाईंचीच,” ते शेवटी म्हणाले.

“मोठ्यानं, सर. मागे ऐकू येत नाही.”

“पद्धत बाईंची आहे!”

“तीनदा!” मागून कुणीतरी ओरडलं. सरांना ते तीनदा म्हणावं लागलं.

बाईंनी लाल खुर्ची उचलली. मुलांनी न सांगता आणखी तीन उचलल्या. मग बाई सरांपुढे उभ्या राहिल्या.

“उठता ना? ही निळीपण माझीच.”

सर उठले. बाई जाता जाता त्यांच्याच गोड आवाजात म्हणाल्या, “आता भाच्याकडेच बघा, निवांत.”

खुर्च्यांची वरात रस्त्यानं घरी आली. पाठोपाठ दोन-चार पालक, “बाई, घरी शिकवाल का?” विचारत.

सगळे गेल्यावर लेकीनं विचारलं, “गेला का गं राग?”

“चार खुर्च्यांवरचा गेला,” बाई म्हणाल्या. त्यांनी निळी खुर्ची मोरीत नेली आणि ब्रश हाती घेतला. “हिच्यावर तो बसला होता.”